वन थर्टी म्हणजे तीस तारीख नव्हे

आज इतिहास सांगायचाय, पण सुरुवात आमच्या गटातल्या एका काकूंपासून करते, कारण त्यांच्यामुळेच मी या विषयाच्या मागे लागले. गटाच्या कर्जाचे कागद बँकेत द्यायचे होते. बँकेतून फोन आला. नवीन मुलगा होता, म्हणाला, "मॅडम, वन थर्टीला या, साहेब असतील." वन म्हणजे एक, हे काकूंना माहीत होतं. थर्टी म्हणजे तीस, हेही त्यांनी नातवाकडून शिकून घेतलं होतं. त्यांनी दोन्ही जुळवलं, तीस तारखेला एक वाजता! त्या दिवशी एकवीस तारीख होती. नऊ दिवस कागद पिशवीत राहिले. तीस तारखेला काकू जेवण उरकून बँकेत पोचल्या तर रविवार, शटर बंद. कर्ज महिनाभर पुढे ढकललं गेलं आणि ज्या दोन शेळ्या बोलून ठेवल्या होत्या त्या दुसऱ्याने नेल्या. काकू मला म्हणाल्या, "शब्द तर मला येत होते गं, मग चुकलं कुठं?"

खरंच, शब्द बरोबर होते. चुकलं ते वेळ सांगायच्या रीतीत. आपण दीड म्हणतो. इंग्रजीत दीडला स्वतंत्र शब्दच नाही. एक आणि वर तीस मिनिटं, असं ते सांगतात. ही रीत आपल्याकडे कधी आली, कोणी आणली, आणि त्याआधी आपण वेळ कशी मोजत होतो, हे शोधत गेले तर गोष्ट आपल्या दौंडच्या स्टेशनात आणि शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात येऊन पोचली. तीच आज सांगते.

आपल्या आज्या घड्याळ बघत नव्हत्या. कोंबडा आरवला की उठायचं, शुक्राची चांदणी वर आली की जात्यावर बसायचं, कासराभर दिवस वर आला की न्याहारी घेऊन रानात निघायचं. पण याचा अर्थ मोजमाप नव्हतं असा नाही. दिवसाचे चार प्रहर, रात्रीचे चार. दुसरा प्रहर संपतो ती दुपार, म्हणजे दोन प्रहर. दिवसरात्र मिळून साठ घटका, एका घटकेची साठ पळं. घटका म्हणजे आजची चोवीस मिनिटं, आणि अडीच घटकांचा एक तास. घटका मोजायला घटिकापात्र असायचं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात तरंगत ठेवायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली. लग्नाचा मुहूर्त गाठायला भटजी हेच पात्र ठेवायचे, काही घरांत अजून ठेवतात. आपण "घटकाभर टेक की गं" म्हणतो, नाहीतर एखाद्याची "घटका भरली" म्हणतो, ती हीच वाटी.

आणि वेळ कळायची ती कानाने. किल्ल्यावर, वाड्यावर, कचेरीत धातूची जाड थाळी टांगलेली असायची, तिच्यावर टोले द्यायचे. तिला तास म्हणत. त्या थाळीवरूनच वेळेला तास म्हणायला लागले. म्हणूनच तर आपण अजून "किती वाजले" असं विचारतो. मोबाईलवर बघून सांगतो, काहीच वाजत नाही, तरी विचारायचं ते वाजण्याबद्दलच. मला या शब्दाची फार गंमत वाटते.

मिनिट आणि सेकंद मात्र आपले नव्हेत. ते इंग्रजीतून आले आणि असे मुरले की भाजीवाली मावशीही "पाच मिन्टं थांबा" म्हणते, आणि त्याला कोणी इंग्रजी म्हणत नाही. टाइम, लेट, नंबर, तिकीट, हाफ तिकीट या शब्दांचंही तसंच. यातले कितीतरी शब्द खेड्यापाड्यात घेऊन आली ती आगगाडी.

पहिली गाडी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला सुटली १६ एप्रिल १८५३ रोजी, दुपारी तीन वाजून पस्तीस मिनिटांनी. हे पस्तीस मिनिटं लक्षात ठेवा. घटकेच्या हिशेबात कोण पस्तीस मिनिटं मोजत होतं? बैलगाडी सूर्य उगवला की निघायची, माणसं गोळा झाली की निघायची. आगगाडी मात्र एकाच रुळावर समोरून येणारी दुसरी गाडी चुकवून चालते. तिथे मिनिट चुकलं तर माणसं मरतात. पाच वर्षांनी, १८५८ साली ही गाडी आपल्या भागात आली. पुण्यापुढे दौंडवरून भीमेकाठच्या दिकसाळपर्यंत रूळ पडले. १८७८ साली दौंडहून मनमाडकडे फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झालं. दौंडच्या आसपासच्या बायाबापड्यांनी मिनिटाचं घड्याळ पहिल्यांदा पाहिलं असेल ते याच फलाटावर.

आता एक अडचण बघा. सूर्य सगळीकडे एकाच वेळी माथ्यावर येत नाही. पुण्यात तो मुंबईपेक्षा सुमारे चार मिनिटं आधी येतो. पूर्वी प्रत्येक शहराची वेळ ज्याची त्याची होती आणि त्याने कोणाचं काही बिघडत नव्हतं. रेल्वेला हे चालणार नव्हतं. तिने सगळ्या देशातल्या गाड्यांसाठी मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे होती. म्हणजे मुंबईत शहरातल्या घड्याळात दीड वाजला असेल तर रेल्वेच्या घड्याळात दोन! कित्येकांच्या गाड्या चुकल्या असतील. आमच्या काकूंसारखीच त्यांचीही वेळ वाचता येत होती, फक्त समोरच्याची वेळ वेगळी होती.

मग १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला एकच प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं पुढे. मुंबईकरांनी याला मोठा विरोध केला. गिरणी कामगार तर चिडलेच. कोकणातून, घाटावरून गेलेली ही माणसं पहाटे उठून कामावर जात, त्यांना आणखी एकोणचाळीस मिनिटं आधी अंधारात निघावं लागणार होतं. मुंबई महापालिकेच्या घड्याळांनी तर आपली जुनी वेळ सोडलीच नाही. देश स्वतंत्र झाला तरी मुंबईची वेळ निराळी, आणि ती संपली १९५५ साली. आज एकोणचाळीस मिनिटं म्हणजे आपल्याला फार वाटत नाहीत. पण रांजणगाव नाहीतर सणसवाडीच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला जाणारी बाई विचारा, तिला पहाटेची एकोणचाळीस मिनिटं म्हणजे काय ते बरोबर माहीत असतं. डबा होतो तेवढ्यात.

गिरणीचा विषय निघालाच आहे तर नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. ते सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या, आणि त्या मागण्या बघितल्या तर बहुतेक वेळेच्याच आहेत. आठवड्यातून एक दिवस, रविवारी सुट्टी. दुपारी जेवायला अर्धा तास. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्य मावळला की थांबावं. म्हणजे बघा, सुरुवात घड्याळाने आणि शेवट सूर्याने, जुनी आणि नवी वेळ एकाच मागणीत! सहा वर्षं ते मागे लागले. १८९० च्या एप्रिलमध्ये हजारो कामगारांची सभा झाली, तिच्यात दोन कामगार बायाही बोलल्या. आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आपल्याकडे रविवार म्हणजे खंडोबाचा वार, तो असा सुट्टीचाही झाला. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने बायकांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली. अकरा तास! पण तो आकडा कागदावर आला म्हणून पुढे त्याच्यावर भांडता आलं.

वेळेचं झालं. आता आकड्यांकडे येते, आणि इथे आपल्याला कर्ड्याला जायचंय.

कर्डे हे आपल्याच शिरूर तालुक्यातलं गाव. १८६० नंतर अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याला कर्जही सहज मिळू लागलं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि त्याच सुमाराला सरकारने शेतसारा वाढवला. कर्ज मात्र तिथेच राहिलं, वाढत राहिलं. सावकाराची वही सावकाराच्याच हातात. शेतकऱ्याने अंगठा द्यायचा. किती दिले, किती फेडले, व्याजावर व्याज किती चढलं, हे वहीत लिहिलेलं त्याला वाचता येत नव्हतं. जुनं कर्ज आणि व्याज मिळवून नवा रोखा करायचा, पुन्हा अंगठा. कोर्टात गेलं तर कोर्ट रोखा बघणार, आणि रोख्यावरचा आकडा खरा धरणार.

१८७४ च्या शेवटी कर्डे गावाने सावकाराशी व्यवहार तोडला. त्याच्या शेतावर कामाला कोणी जायचं नाही, पाणी भरायचं नाही, दाढी करायची नाही. हे लोण आजूबाजूला पसरलं. मग १२ मे १८७५ रोजी सुप्याला, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, बाजाराच्या दिवशी भडका उडाला. आजचा दौंडचा बराच भाग तेव्हा याच भीमथडीत होता. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत तेच झालं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. मला त्यातली एक गोष्ट सगळ्यात जास्त बोलकी वाटते. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे आणि हिशेबाच्या वह्या मागून घ्यायच्या आणि जाळायच्या. ज्या आकड्यांनी जमिनी गेल्या, ते आकडे वाचता येईनात म्हणून लोकांनी ते जाळले.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्यात कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासायची मुभा मिळाली. आणि शेतकऱ्याला तीन गोष्टी मागायचा हक्क मिळाला: पैसे भरले की लेखी पावती, वर्षाचा हिशेब, आणि हवं असेल तर पासबुकात मांडून दिलेलं खातं. मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या बैठकीत दर महिन्याला जी पासबुकं फिरतात, प्रत्येकीची सही होते, आणि कधीकधी "कशाला एवढं लिहायचं" म्हणून कोणी कंटाळतं, ते पासबुक मागायचा हक्क आपल्याच तालुक्यातल्या आगीतून आलाय. मी हे बैठकीत सांगितलं त्या दिवसापासून एकीनेही पासबुक घरी विसरलं म्हणून सांगितलेलं नाही.

आता मोबाईलवरचे, पासबुकातले, लाईट बिलावरचे आकडे. त्यांना आपण इंग्रजी आकडे म्हणतो आणि घाबरतो. ते इंग्रजांचे नाहीतच. जुन्नर तालुक्यात नाणेघाट आहे, पुणे जिल्ह्याच्या पार टोकाला. तिथल्या लेण्यात दोन हजार वर्षांमागचा शिलालेख आहे, सातवाहनांची राणी नागनिका हिचा मानतात तो. यज्ञात किती गाई दिल्या, किती घोडे, किती नाणी, असा दानाचा हिशेब तिने दगडात कोरून ठेवलाय, आकड्यांसकट. भारतातल्या फार जुन्या आकड्यांपैकी ते आहेत. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या सर्वांत जुन्या हिशेबाच्या वह्यांतली एक बाईची! पुढे आपल्या देशात शून्य आणि एकं-दहं-शतं अशी जागेप्रमाणे किंमत धरायची रीत तयार झाली, ती अरबांकडे गेली, अरबांकडून युरोपात. १२०२ साली इटलीतल्या फिबोनाची नावाच्या व्यापाऱ्याच्या मुलाने त्यावर पुस्तक लिहिलं, त्यात हे आकडे भारतीयांचे असं त्याने सांगितलं. आपल्या संविधानातही कलम ३४३ मध्ये त्यांना भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप म्हटलंय. तेव्हा बिल हातात घेताना माहेरची वस्तू परत आली असं समजा.

फक्त प्रवासात त्यांचे चेहरे बदलले, आणि त्यात दोन ठिकाणी फसगत होते. इंग्रजी आठ दिसतो आपल्या चारासारखा. आणि इंग्रजी नऊ दिसतो आपल्या एकासारखा. एकाच कागदावर दोन्ही तऱ्हेचे आकडे मिसळू नका. बँकेच्या स्लिपवर तुम्ही मराठी चार काढलात आणि समोरच्याने आठ वाचला, तर त्याचीही चूक नाही. स्लिप भरताना अक्षरी रक्कम लिहायला जागा असते ती याचसाठी.

नावांचं म्हणाल तर तीही फार परकी नाहीत. संस्कृत, मराठी, इंग्रजी या दूरच्या चुलत बहिणी. तीन आणि थ्री, सप्त आणि सेव्हन, अष्ट आणि एट, नव आणि नाइन, एकामागून एक म्हणून बघा. महिन्यांतही तेच आहे. सप्टेंबरमध्ये सप्त ऐकू येतं, ऑक्टोबरमध्ये अष्ट, नोव्हेंबरमध्ये नव, डिसेंबरमध्ये दश. पण सप्टेंबर तर नववा महिना! कारण जुन्या रोमन लोकांचं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, आपल्या चैत्राच्या आसपास. मार्चपासून बोटं मोजा, सप्टेंबर सातवाच येतो.

वीसच्या पुढे मात्र इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे, हे मान्य करायला लाज नको. आपण पंचवीस म्हणतो, म्हणजे आधी पाच मग वीस, आणि लिहिताना आधी दोन मग पाच. इंग्रजीत ट्वेंटी फाइव्ह, जसं लिहायचं तसंच बोलायचं. शंभरपर्यंत मोजायला त्यांचे अठ्ठावीस शब्द पुरतात. आपल्याला एकोणऐंशी, एकोणनव्वद, त्र्याण्णव असं जवळजवळ शंभर शब्द पाठ करावे लागतात. आमच्या गटात एकदा एकीने "एकोणऐंशी" सांगितलं, लिहिणारीने एकोणनव्वद लिहिलं, आणि दहा रुपयांसाठी आम्ही अख्खी संध्याकाळ बसलो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसच्या जोडीला "वीस पाच" असंही वाचायला दिलं, तेव्हा महाराष्ट्रभर टिंगल झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मुलांना जोडाक्षरं अवघड जातात, आणि बोलायचा क्रम लिहिण्याच्या उलटा पडतो. टिंगल करणाऱ्यांपैकी किती जणांनी एखाद्या पोराला त्र्याण्णव लिहायला शिकवलं होतं, कोण जाणे.

पण एका बाबतीत आपली मराठी श्रीमंत आहे. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन. पूर्वी शाळेत यांचे पाढेच असायचे, पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी. सोळा आण्यांचा रुपया होता, तेव्हा हे पाढे रोज लागायचे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाढे हळूहळू गेले, पण चार आणे तोंडातून जाईनात. २०११ साली पंचवीस पैशांचं नाणंच बंद झालं तरी माझी सासू कोथिंबिरीच्या भावाला अजून "चाराणे" म्हणून चिडवते. इंग्रजीत हे शब्द नाहीत म्हणून तिथे जोडून सांगावं लागतं. सव्वा म्हणजे क्वार्टर पास्ट, साडे म्हणजे हाफ पास्ट, पावणे म्हणजे क्वार्टर टू. किंवा सरळ मिनिटं जोडायची: सव्वातीन थ्री फिफ्टीन, साडेतीन थ्री थर्टी, पावणेचार थ्री फोर्टी फाइव्ह. दीड आणि अडीच इथेच अडकतात. दीड म्हणजे वन थर्टी, अडीच म्हणजे टू थर्टी. हे दोन आधी पाठ करा, बाकीचे आपोआप येतील.

कानाला फसवणारी एक जोडी सांगून ठेवते. फिफ्टीन आणि फिफ्टी. पहिला पंधरा, दुसरा पन्नास. थर्टीन-थर्टी, सिक्स्टीन-सिक्स्टी, सगळ्यांचं तेच. शेवटी "न" ऐकू आला तर एकोणीसच्या आतला आकडा. फोनवर पैशाचं बोलणं असेल तर बिनधास्त विचारा, "पंधरा की पन्नास, मराठीत सांगा." विचारण्यात कमीपणा नाही. आणि कोणी ओटीपीचे आकडे विचारले तर मराठीतही सांगायचे नाहीत, इंग्रजीतही नाहीत.

स्टेशनच्या फलकावर चोवीस तासांची वेळ असते. तेरा किंवा त्याहून मोठा आकडा दिसला की त्यातून बारा वजा करायचे. पंधरा पस्तीस म्हणजे तीन पस्तीस. आठवलं का? बोरीबंदरची पहिली गाडी.

काकूंचं कर्ज पुढच्या महिन्यात झालं. आता बँकेतून फोन आला की त्या तारीख वेगळी विचारतात आणि वेळ वेगळी, आणि शेवटी म्हणतात, "वन थर्टी म्हणजे दीडच ना रे बाळा?" पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरचं लाईट बिल घेऊन या. भरायची शेवटची तारीख आणि मागचं-आताचं रीडिंग, दोन्ही मोठ्याने वाचायचंय. आधी मराठीत, मग इंग्रजीत.